कोरा श्वास

“कच्चीच राहिलीया बघ,” तानूबाई शालनच्या कानाशी पुटपुटल्या. “जिभंला नुसती खवखव सुटलीया. आदल्या खेपंला कशी कोळशावानी भाजली हुतीस.”

शालनने मान न वळवता नुसतं हूं केलं. स्टेजवर समाजाचे अध्यक्ष विज्ञानाच्या प्रगतीवर बोलत होते, आणि अशा वेळी सासूच्या मशेरीची तक्रार पुढच्या रांगेला ऐकू जावी अशी तिची मुळीच इच्छा नव्हती. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून मग कुटलेली तंबाखू. पंच्याऐंशीच्या तानूबाईंच्या तोंडात आता एकही दात उरला नव्हता, पण हिरड्या होत्या, आणि सकाळी त्या हिरड्यांना मशेरी लागल्याशिवाय घरात कुणाचाच दिवस नीट सुरू होत नसे. दर शनिवारी ती भाजायचं काम शालनकडे. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून.

“या शनिवारी करपवते, आत्याबाई. आता ऐका तरी, आपली प्रणाली उभी राहिलीय.”

प्रणाली ही शालनची सून. मुलगा तिकडे कोईमतूरला बापाचं दुकान सांभाळत होता आणि सून इकडे विट्यात राहून रोज विनाचालक एसटीने सांगलीच्या रुग्णालयात जायची. श्वासतंत्रज्ञ, असं तिच्या पदाचं नाव. आज ती येताना पिठाच्या डब्याएवढं एक पांढरं यंत्र बरोबर घेऊन आली होती. त्याला पुढे लांब नळी. समोर बसलेल्या गलाईवाल्यांनी नळी पाहिली आणि अध्यक्षांचं भाषण संपायच्या आत यंत्राचं बारसंही उरकून टाकलं. फुंकणी.

विट्याच्या आसपासच्या गावांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात. देशात जिथे सराफकट्टा आहे तिथे गल्लीच्या टोकाला इकडचा एक माणूस भट्टी लावून बसलेला सापडायचाच, जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारा. अंगावर भट्टीची धग, नाकात तेजाबाच्या वाफा. वर्षाला एकदा, जत्रेला, हे सगळे गावी यायचे ते सोबत भेटवस्तू आणि खोकला घेऊनच. म्हणून तर समाजाने खटपट करून जत्रेच्या आठवड्यातच फुंकणी मागवली होती. पुरुषांची छाती एकदा तपासून घ्यायची. बायकांचं नाव कुणी काढलं नव्हतं. त्या कुठे भट्टीवर बसतात?

प्रणालीने माइक हातात घेतला. श्वास सोडताना फुफ्फुसाच्या तळातून डोळ्यांना न दिसणारे थेंब बाहेर पडतात, ती सांगू लागली. त्या थेंबांत पेशींचे तुकडे असतात, आणि तुकड्यांत त्या पेशींचा आराखडा, चार अक्षरांत लिहिलेला. धूर, धूळ, वाफ, जे आत जाईल ते या अक्षरांत चुका करून ठेवतं. गंमत अशी की प्रत्येकाची चूक करायची खोड वेगळी. सिगरेटचा धूर एक ठरावीक अक्षर खोडून तिथे ठरावीकच दुसरं बसवतो. दुसऱ्या एखाद्या विषाची तऱ्हा निराळी. शाळेत पोरांनी फळ्यावर काही खरडलं तर नाव नसूनही मास्तरांना अक्षरावरून पोरगं ओळखता येतं ना, तसं हे यंत्र ओळखतं. शिवाय थेंबांबरोबर जुनी काजळीही वर येते. तिच्यावरून नेमकं काय जळलं होतं तेही कळतं. आणि एखाद्या जागी चुका साचून पेशी मोकाट वाढायला लागल्या असतील तर त्याची चाहूल, खोकला सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

शालनने हे सगळं घरी भाकऱ्या थापताना चारदा ऐकलं होतं, मध्ये मध्ये शंका काढून सुनेला भंडावलंही होतं. तरी तिच्या अंगावर काटा आला. बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं ते सुटलंच, पण यंत्रांचं वेड काही सुटलं नाही. मिक्सर बिघडला तर दुरुस्तीवाल्याच्या आधी ती उघडून बघायची.

“फक्त सुरुवातीला मला कोरे श्वास लागतील,” प्रणाली म्हणाली. प्रत्येक गावची हवा वेगळी. ही रोजची धूळ, हे वाहनांचे वास सगळ्यांच्याच श्वासात असणार, ते वजा करायला हवेत. त्यासाठी इथलीच हवा घेणारी, पण भट्टीजवळ न गेलेली आणि तंबाखू न ओढणारी तीन माणसं हवीत. त्यांचा श्वास म्हणजे शून्य. तिथून पुढे बाकीच्यांचं मोजायचं.

सभागृहात तीन निर्मळ माणसं शोधायची म्हटल्यावर सगळ्यांच्या माना बायकांकडे वळल्या. प्रणालीने आधी सासूला हाक मारली, मग सोसायटीतल्या दोन शेजारणींना. शालन उठली. नवरा संपतराव पुरुषांच्या रांगेतून हात उंचावून टाळ्या वाजवत होते, जणू ही अंतराळात चालली होती. तिने नळी तोंडात धरली आणि छातीत होती नव्हती तेवढी हवा सोडली. यंत्रावर हिरवा दिवा लागला. शून्य ठरलं.

दुपारपर्यंत गलाईवाले फुंकत राहिले आणि सभागृहात आनंदीआनंद पसरत गेला. ज्याची त्याची छाती साफ. तीस वर्षं भट्टीवर काढलेले साफ, दिवसाला बिडीचं बंडल संपवणारे साफ. संपतराव तर नुसते साफ नाहीत, अतिसाफ निघाले. अध्यक्षांनी पेढे मागवले. बिडीवाल्यांनी बाहेर जाऊन आनंदाने एकेक पेटवली.

संध्याकाळी घरी संपतराव पेढ्याचा पुडा उघडून बसले होते आणि प्रणाली समोरच्या पडद्यावरचे आकडे बघत नखं कुरतडत होती.

“आई, हे बघा,” सासऱ्यांकडे बोट करत ती म्हणाली. “आबांच्या श्वासातली काजळी उणे आलीय.”

“उणे कशी येईल?” शालनने हातातली परात खाली ठेवली. “नसली तर शून्य येईल. शून्याच्या खाली काजळी जाणार कुठं?”

“तेच तर.”

संपतराव पेढा चघळत पुढे झुकले. आकड्यांच्या भाषेत त्यांना रस नव्हता, पण शुद्धतेच्या गोष्टीत त्यांचा जन्म गेला होता. एकदा कोईमतूरला असंच झालं होतं, ते सांगू लागले. दिवसभर येईल ते सोनं शंभर टंचाच्या वर दाखवायला लागलं. शंभराच्या वर सोनं असतं होय? शेवटी सापडलं. ज्या तुकड्याशी ताडून बघत होतो तो नमुन्याचा तुकडाच हिणकस निघाला. नमुना खोटा असला की सगळ्या गावाचं सोनं...

ते बोलता बोलता थांबले. पेढा गालातच राहिला. नमुना कोण होता ते तिघांनाही एकदमच आठवलं.

त्या क्षणी आपल्याला भीती वाटायला हवी होती, असं शालनला नंतर पुष्कळदा वाटलं. पण खरं सांगायचं तर आधी वाटला तो आनंद. कोडं सुटल्याचा. शून्यच चुकलं होतं! ती सुनेला म्हणाली, रुग्णालयातला एखादा पक्का कोरा श्वास असेल तर तो लाव आणि आमचे तिघींचे आधी पुन्हा मोज, बाकीच्यांचे मागून. प्रणालीने तसं केलं. तिन्ही बायकांच्या श्वासात काजळी होती, तीही जुनी, थरावर थर बसलेली. अक्षरांतल्या चुकांची खोड तंबाखूच्या धुराची. दोघी शेजारणींचं तेवढ्यावर निभावलं. शालनच्या नावापुढे एक पिवळा ठिपका लुकलुकत होता.

“हा कशाचा गं?” तिने विचारलं.

प्रणालीने पडदा बंद केला आणि उद्या सकाळी आपण सांगलीला जाऊन येऊ, एवढंच म्हणाली. मग तिने सासूचा हात हातात घेतला तो जेवायची वेळ झाली तरी सोडला नाही. भीती तेव्हा आली.

सांगलीला डॉ. नाझनीन मुल्ला यांनी फुफ्फुसाचं चित्र काढलं. उजव्या बाजूला वर, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी. इतकं बारीक की सुई घालून तुकडा काढायचीही सोय नाही. डॉक्टरीण बाई बोलायला मोकळ्या आणि हसऱ्या होत्या. असं एवढंसं असताना सापडणं म्हणजे लॉटरी आहे, त्या म्हणाल्या. पूर्वी हे सापडायचं तेव्हा लिंबाएवढं झालेलं असायचं. आता हे पूर्ण घालवता येतं. फक्त कशाने घालवायचं ते ठरवायला हवं.

संपतरावांनी विचारलं की पण हिला कसं? ही तर सुपारीसुद्धा खात नाही.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. सगळ्यांना वाटतं हा ओढणाऱ्यांचा आजार. ओढणाऱ्यांना धोका सगळ्यांत जास्त, हे खरंच. पण आपल्याकडे माझ्या दारात येणाऱ्या कितीतरी बायकांनी जन्मात बिडी हातात धरलेली नसते. कुणी नवऱ्याचा धूर घेतलेला असतो, कुणी चुलीचा. कुणाच्या नशिबी दगडाची धूळ, कुणाच्या रस्त्याची हवा. आणि काही जणींच्या बाबतीत कारण सापडतच नाही, पेशींत एखादाच बिघाड होतो आणि तेवढा पुरतो. त्या एका बिघाडावर गोळी आहे. धुराने चुकांचा सडा घातलेला असेल तर मात्र गोळी चालत नाही. तिथे तुषार द्यायचा, नाकातोंडाने ओढून घ्यायचा. तो तुमच्याच रक्तातल्या शिपायांना त्या चुका दाखवून देतो आणि मग शिपाई हुडकून हुडकून मारतात.

“मग तुषार द्या की,” शालन म्हणाली. तिला ती शिपायांची कल्पना फार आवडली होती.

अडचण तिथेच होती. यंत्र म्हणत होतं, तंबाखूच्या धुराशी नातं आहे, पण ओळखीचा नाही. सिगरेट नाही, बिडी नाही, हुक्का नाही. यंत्राला जगभरचे धूर शिकवलेत, त्यांतला एकही पुरता जुळेना. तुषार चुकीचा बसला तर शिपाई धडधाकट फुफ्फुसच कुरतडायला लागतील. नेमका कुठला धूर हे कळेपर्यंत डॉक्टर हात लावणार नव्हत्या. आणि दाणा काही वाट बघत बसणार नव्हता.

घरी परतताना एसटीत तिघांनी मिळून ठरवलं की तानूबाईंना एवढ्यात काही सांगायचं नाही. छातीत एक ठिपका आहे, म्हणायचं. मग घरात तोच शब्द रुजला. ठिपक्याचं औषध, ठिपक्याची तारीख. शालनसुद्धा मनातल्या मनात ठिपकाच म्हणायची.

सोसायटीत मात्र बातमीला पाय फुटले होते. तिघी बायकांच्या छातीत तंबाखूचा धूर! दोन दिवसांत लिफ्टमध्ये त्यांचं नाव पडलं, महिला बिडी मंडळ. एका शेजारणीचा नवरा, आयुष्यात कधी चहासुद्धा न प्यायलेला माणूस, बायकोच्या कपाटातले साड्यांचे थर उपसून बघत होता म्हणे. संपतराव असलं काही करणारे नव्हते. ते फक्त एका दुपारी शालनशेजारी येऊन बसले आणि पंख्याकडे बघत म्हणाले की मी वर्षातले अकरा महिने लांब होतो, माणसाला एकटेपणात सवय लागू शकते, लागली असली तरी माझं काही म्हणणं नाही.

“तुमच्या मागं मी गच्चीवर बिडी ओढत होते, असं?”

“असं नाही. पण असं असलं तरी.”

शालनला आधी राग आला, मग हसू. या माणसाने मनातल्या मनात तिला माफ करून टाकलं होतं, न केलेल्या गुन्ह्यासाठी. तिने त्यालाच उलटं विचारलं की तुम्ही सुट्टीला येऊन किती ओढत होता? त्यांनी मान खाली घातली आणि सुट्टीच्या महिन्यात चार-दोन, गॅलरीत, असं कबूल केलं. पण तेवढ्याने असे थर बसत नाहीत, प्रणालीने आधीच हिशेब घातला होता. शिवाय दोघी शेजारणींच्या घरात तेवढंही कुणी ओढत नव्हतं.

मशेरीचा विचार प्रणालीच्या मनात आला नव्हता असं नाही. सांगलीहून परतल्या दिवशीच तिने गमतीने तानूबाईंच्या हातात फुंकणी दिली होती. म्हातारीने अशी फुंकली की नळी उडायची बाकी राहिली, आणि छाती निघाली स्वच्छ. सत्तर वर्षं तोंडात तंबाखू, तरी काजळीचा कण नाही. त्यांचं तोंड एकदा तपासायला हवं, डॉक्टर म्हणाल्या, पण फुफ्फुसाचा प्रश्न मिटला. लावणारीच साफ म्हटल्यावर मशेरी सुटली.

शनिवार आला. तानूबाईंची डबी तळाला लागली होती. शालन सवयीने उठली. घरात सगळा स्वयंपाक विजेवर होऊन वर्षं लोटली होती, पण धुण्याच्या छोट्या गॅलरीत एक जुनी गॅसची शेगडी आणि एक जुना लोखंडी तवा केवळ मशेरीसाठी ठेवलेला. तानूबाईंना विजेवर भाजलेली चालायची नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच महिन्यात वरच्या मजल्यावरून वासाची तक्रार आली होती. तेव्हापासून शालन गॅलरीची काच लावून घ्यायची, शेजाऱ्यांना त्रास नको. मग स्वयंपाकघराचं दारही लोटायची, कारण सासूच्या डोळ्यांना धूर झोंबायचा. दाराच्या पलीकडे स्टुलावर बसून तानूबाई गावाच्या कुचाळक्या सांगायच्या आणि अलीकडे ही हसत हसत तंबाखू परतायची.

आजही तशीच ती बसली. काच लावली, दार लोटलं. तव्यावरची पानं तांबूस झाली, काठाशी काळी पडली, आणि पांढरा दाट धूर उठून वर काचेला लागला. जायला वाट नव्हती म्हणून तो परत खाली आला, तिच्या चेहऱ्यावर. ती खोकली. दर शनिवारी खोकायची तशीच.

आणि तिचा हात उलथन्यासकट हवेत थांबला.

लावणारीची छाती साफ. बरोबर आहे. या कोंडलेल्या धुरात ती कधी होतीच कुठे? तंबाखू ओढायला बिडीच लागते असं कुणी सांगितलं? दोघी शेजारणींच्या घरातही म्हाताऱ्या होत्या, त्यांच्याही गॅलरीला काचा होत्या. एकीकडे शालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दुसरीकडे तिला नाचावंसं वाटत होतं. जगभरचे धूर शिकवलेल्या यंत्राला हा धूर कुणी शिकवलाच नव्हता. त्याच्या मास्तरांपैकी कुणाला सासूच नव्हती, निदान मशेरीवाली.

तिने शेगडी बंद केली, काच उघडली आणि “आत्याबाई,” अशी हाक मारायला तोंड उघडलं.

“भाजली व्हय गं?” दारापलीकडून आवाज आला. “घाई करू नगंस. दमानं भाज. तुझ्या हातची काळी हुती तशी कुनाची हुत न्हाई.”

शालनने तोंड मिटलं.

संपतराव तिकडे होते त्या सगळ्या वर्षांत या घरात दोनच मोठी माणसं होती, ही आणि ती. मुलगा झाला तेव्हा दवाखान्याच्या फरशीवर तानूबाई झोपल्या होत्या. शालनला पुस्तक हातात घेऊन बसलेली बघितली की त्या नुसत्या परात ओढून घ्यायच्या आणि भाकऱ्या थापायला लागायच्या, वर कुणी आलं तर सांगायच्या की सुनेची पाठ दुखतीया. त्या बाईला सांगायचं, की तुमच्या हिरड्यांचं सुख माझ्या छातीत जाऊन बसलं? पंच्याऐंशीव्या वर्षी हे घेऊन ती कुठे जाईल? जेवणं बंद करेल. बोलणं बंद करेल. शालनला तिची खोड पक्की ठाऊक होती.

ती दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली की शेगडी बिघडली. बाजारातून तयार मशेरीची पुडी आणून देते.

प्रणालीला सांगावं लागलं नाही. त्या संध्याकाळी गॅलरीत कपडे काढायला गेलेली ती तवा हातात घेऊन बाहेर आली, सासूकडे बघत. शालनने होकारार्थी मान हलवली. संपतरावांनी तवा पाहिला, दोघींचे चेहरे पाहिले, आणि त्यांनाही कळलं. तिघंही एका घरात बसून टीव्हीकडे बघत राहिली, आणि तानूबाई मधोमध बसून तयार पुडीतली मशेरी हिरडीला लावत तोंड वाकडं करत होत्या.

“माती हाय निस्ती,” त्या म्हणाल्या.

यंत्राला धूर दाखवायचा तर होताच. मग तिघांनी कट रचला, लहान मुलांसारखा, दाराआड कुजबुजत. मंगळवारी सकाळी तानूबाई देवळात जातात. तेवढ्यात तवा, शेगडी आणि उरलेली तंबाखू गच्चीवर न्यायची. प्रणाली फुंकणी आणेल. धूर यंत्रात घेतला, जुळवला, डॉक्टरांना पाठवला, की झालं. म्हातारीला कळायचं कारण नाही. संपतराव तव्याला टॉवेलमध्ये गुंडाळून जिन्याने असे चढले की कुणी पाहिलं असतं तर चोरीचं सोनं चाललंय असंच वाटलं असतं.

गच्चीवर वारा होता. प्रणालीने शालनला तोंडाला जाड मास्क बांधून पार टाकीपाशी उभं केलं आणि भाजायला बसले संपतराव. आयुष्यभर भट्टीवर बसलेला माणूस, पण तंबाखूची चार पानं परतताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. लांबून शालन सूचना देत होती. आच कमी करा. आता हलवा. अहो जळतंय, जळू द्या, तसंच जळायला हवं! धूर उठला, प्रणालीने नळी पुढे केली. पडद्यावर डॉ. मुल्ला सांगलीहून बघत होत्या, शेजारच्या चौकोनात दोन वळणदार रेघा, एक शालनच्या काजळीची, एक या धुराची. दुसरी रेघ हळूहळू सरकत पहिलीच्या दिशेने निघाली. चढाला चढ लागला. उताराला उतार. मग शेवटची ती बारीकशी खाच, जी जगातल्या कुठल्याच धुराला नव्हती, तीही येऊन अचूक खाचेवर बसली.

दोनाची एक रेघ झाली.

शालनने मास्कच्या आतून आरोळी ठोकली. प्रणालीने यंत्रालाच मिठी मारली. संपतराव हातात उलथनं घेऊन विचारत होते, जुळलं का, जुळलं का, आणि त्यांच्या डोळ्यांतून वाहणारं पाणी सगळंच काही धुराचं नव्हतं. तिकडे डॉक्टर खुर्चीवरून अर्ध्या उठल्या होत्या. जुळलं म्हणजे तुषार चालेल, परवापासून सुरू करू, त्या म्हणाल्या. बाई, तुम्ही बऱ्या होणार. आणि त्या दोघी शेजारणींना आधी माझ्याकडे पाठवा.

“फक्त एक,” त्या पुढे म्हणाल्या. तुषार सुरू झाला की फुफ्फुस नाजूक होतं. हा धूर त्या घरात पुन्हा एकदाही होता कामा नये, दाराआड नाही, काचेआड नाही. तशी खात्री मला घरातून कुणीतरी द्यायला हवी. “हा धूर कशाचा आहे, आणि तो कोण बंद करणार आहे?”

शालनने संपतरावांकडे पाहिलं. संपतरावांनी तव्याकडे. प्रणालीने घसा खाकरला आणि म्हणाली की तो, म्हणजे, एक पारंपरिक घरगुती नमुना आहे, त्याची व्यवस्था आम्ही करू.

“व्यवस्था म्हणजे?” डॉक्टरांनी विचारलं.

लिफ्टचं दार कधी उघडलं ते वाऱ्यात ऐकू आलं नव्हतं. तानूबाई दारात उभ्या होत्या, कधीपासून ते कळायला मार्ग नव्हता. एका हातात देवळातल्या प्रसादाचं केळं, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. खाली रस्त्यावरच त्यांना वास आला असणार. सत्तर वर्षांचा ओळखीचा वास.

“अहो, तुमच्यासाठीच भाजतोय,” शालन टाकीजवळून घाईने म्हणाली. “शेगडी दुरुस्त झाली, आत्याबाई. खाली चला, वारं लागेल.”

तानूबाई खाली गेल्या नाहीत. त्या सावकाश चालत शेगडीपाशी आल्या, मुलाच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि शेगडीची चावी फिरवून ज्योत विझवली. मग त्यांनी कनवटीची डबी काढून तव्यातल्या काळ्या पानांवर ठेवली आणि पडद्यातल्या बाईंकडे बघितलं.

“हितं समदी मला भ्यात्यात, डाक्टरीण बाई. आठ दिस झालं, माझ्याफुडं कुनी खोकत बी न्हाई. ठिपका म्हंत्यात. मला काय समजत न्हाई व्हय?” त्यांचा आवाज मुळीच कापत नव्हता. “कॅन्सर हाय तो. माझी मशेरी भाजून भाजून झालाय माझ्या शालनला. बंद मी करनार.”